एका श्वासाची जागा

१

शब्द, मग एका श्वासाची जागा, मग अर्थ. वाचकबाईंचं सगळं काम या तीन गोष्टींत मावायचं.

दृष्टी नसलेल्या मुलांसाठी एक संस्था बोलता कोश तयार करत होती. शास्त्राच्या पुस्तकांत पावलोपावली भेटणारे इंग्रजी शब्द, जुन्या कथा-कादंबऱ्यांत अडकून पडलेले इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ. बाई काचेच्या खोलीत बसून वाचायच्या. 'ऑस्मोसिस.' मग सावकाश एक श्वास, म्हणजे ऐकणाऱ्या मुलाला स्वतः अर्थ आठवून बघता यावा. मग 'परासरण'. शब्दाला जास्त अर्थ असले तर 'अर्थ दुसरा', 'अर्थ तिसरा' करत पुढे जायचं. आणि शब्द पार म्हातारा झालेला असला की शेवटी एक ठरलेलं वाक्य: 'जुना शब्द. आता वापरात नाही.'

हे वाक्य बाई इतकं कोरडं म्हणायच्या की त्यांची मुलगी घरात त्यांची नक्कल करायची. दुधाचं पातेलं रिकामं दिसलं की ओरडायची, "दूध! जुना शब्द. आता वापरात नाही!"

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी बसली नव्हती. नवव्या वर्षी तिची नजर गेली तरी भिंगरी ती भिंगरीच राहिली. आता कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती आणि आईनेच वाचलेल्या कोशावर अभ्यास करत होती. बाप लहानपणीच गेलेला. घरात मायलेकी दोघीच, आणि साहेब नावाचा एक बोका, जो घरभाडं आपणच भरतो अशा तोऱ्यात वावरायचा.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणायचे. त्याची एक पद्धत होती. बाईंचा श्वास मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून तो कापून टाकायचा आणि तिथे रिकाम्या खोलीची शांतता चिकटवायचा. त्यासाठी सगळ्यांना बाहेर हाकलून, दार लावून, माइक एकटाच चालू ठेवायचा.

"नुसतं कोरं ठेवलं तर माणसाला वाटतं यंत्र बिघडलं," तो सांगायचा. "प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते, ताई. तीच लागते."

त्या वर्षी संस्थेशेजारची इमारत पाडायला घेतली आणि दिवसभर घणांचा दणदणाट सुरू झाला. काम अडलं. तेव्हा बाईंनीच सुचवलं, "आमची मागची खोली बघा. नुसतं अडगळीचं सामान आहे, रस्त्याचा आवाज येत नाही."

कानसेनने भिंतींवर जाड रजया टांगल्या आणि थोडे दिवस काम तिथे चाललं. घरातली शांतता त्याने पहिल्याच दिवशी घेतली. त्या वेळी तिघंही बाहेर जिन्यात उभे होते. साहेब कानसेनच्या पायांत घोटाळत होता आणि मांजराचं वावडं असलेला कानसेन नाक दाबून शिंका गिळत होता. आत जाऊन त्याने ते कानाला लावून ऐकलं आणि एकदम खूश झाला.

"झकास! अशी शांतता विकत मिळत नाही, ताई. आता सगळ्या कोशाला हीच लावतो."

२

"आई, तू वेळच देत नाहीस गं," एका दुपारी भिंगरी कुरकुरली. "मी आठवतेय तोवर तू उत्तर सांगून मोकळी. मग पुन्हा तेच सांगतेस."

बाई भाजी निवडत होत्या. "मी कुठे सांगते? तिथे जागा सोडलेली असते."

"त्या जागेतच तर सांगतेस. ऐक हवं तर."

बाईंनी तिचे इअरफोन कानात घातले. 'यॉन्डर,' त्यांचाच आवाज म्हणाला. मग शांतता. मग 'तिकडे, पलीकडे. जुना शब्द. आता वापरात नाही.' त्यांनी पुन्हा ऐकलं. शांततेत काही म्हणजे काही नव्हतं.

"काही नाहीये गं."

"तुला ऐकू येत नाही?" भिंगरीला गंमत वाटली. "तुझाच आवाज आहे. आधी आधी चुकायचा. फ्लॉजिस्टन या जुन्या शब्दाला काहीतरी भलताच अर्थ म्हणाला होता. आता नाही चुकत." मग ती सहज म्हणाली, "मी आधी बोलले ना, की गप्प बसतो."

बाईंनी इअरफोन झटकन काढून ठेवले. पण त्या शब्दांच्या कामात आयुष्य काढलेल्या होत्या, उगाच कशालाही भूत म्हणणं त्यांना शोभणारं नव्हतं. त्यांनी स्वतःला समजावलं. परीक्षा तोंडावर आली आहे, पोरीच्या डोक्यात दिवसभर हेच, मनी वसे ते स्वप्नी दिसे. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी कानसेनला विचारलंच.

कानसेनने आवाज मोठा करून ती शांतता ऐकवली. पडद्यावर एक सपाट रेघ सरकत राहिली.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ताई?" तो म्हणाला. "आणि गंमत बघा, हा एकच तुकडा आहे. सगळ्या शब्दांना तोच चिकटवलाय. आत काही असतंच, तर दर वेळी तेच ऐकू आलं असतं की. वेगवेगळी उत्तरं कुठून देईल?"

बाईंना हायसं वाटलं. अगदी बिनतोड मुद्दा होता. घरी जाताना मात्र त्याच मुद्द्याची त्यांना भीती वाटायला लागली. तुकडा एकच, आणि उत्तरं वेगवेगळी. म्हणजे आत जे काही होतं, ते समोरचा शब्द ऐकत होतं.

३

मुद्रण पुन्हा संस्थेत सुरू झालं. मागच्या खोलीतला माइक गेला, रजया तेवढ्या टांगलेल्याच राहिल्या. 'नेतो पुढच्या खेपेला,' असं कानसेन दर खेपेला म्हणायचा.

रविवारी भर दुपारी बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. घरात कुठलंच यंत्र चालू नव्हतं. मागच्या खोलीतून त्यांना आवाज आला. त्यांचा स्वतःचा, वाचनाचा, प्रत्येक अक्षर वेगळं ठेवणारा.

"घड्याळ."

बाई ओला टॉवेल हातात धरून उभ्या राहिल्या. एका श्वासाइतकं काहीच झालं नाही.

"जुना शब्द. आता वापरात नाही."

त्यांनी जाऊन दार उघडलं. ट्रंक, मोडकी शिलाई मशीन, भिंतीला रजया. कुणी नव्हतं. आठवडाभर तेच तेच बडबडलं की कानात घुमणारच, त्या मोठ्याने म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना त्या खोलीत अजिबात आवडला नाही.

बाहेर हॉलमध्ये धाडकन आवाज झाला. भिंगरी दाराच्या चौकटीवर आपटून कपाळ चोळत उभी होती. ही चौकट तिला कधीच लागायची नाही. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक कुठल्या बाजूने येते यावरून ती घरभर भिरभिरायची.

"अगं, टिकटिक ऐकून चालायचं ना!"

"कसली टिकटिक?"

घड्याळ भिंतीवर होतं. लंबक हलत होता, टिकटिक चालू होती, काटे बरोबर वेळ दाखवत होते.

"आपलं घड्याळ, भिंगरी. आजोबांचं."

"आपल्याकडे कुठे घड्याळ आहे?" भिंगरी हसली. मग म्हणाली, "पण मागच्या खोलीतला आवाज आत्ता काहीतरी म्हणाला बघ. मी उत्तरच नाही दिलं. रविवारी कोण अभ्यास करतं!"

बाईंनी तिचा हात धरून घड्याळाच्या काचेवर ठेवला. भिंगरीने काच चाचपली, हात काढून घेतला आणि विचारलं, "काय दाखवत होतीस?"

४

साहेबाची पाळी दोन-तीन दिवसांनी आली. या वेळी बाई आंघोळीला गेल्या होत्या. नळाच्या आवाजातून त्यांना 'साहेब' एवढंच ऐकू आलं, आणि त्या तशाच ओल्या बाहेर येईपर्यंत पुढचंही म्हणून झालं होतं.

बोका जिवंत होता, धडधाकट होता. तो भिंगरीच्या पायांवर डोकं घासत होता आणि ती त्याला ओलांडून जात होती. त्याच्या वाडग्यात तिने दूध घातलं नाही, उलट वाडगा घासून कपाटात ठेवून दिला. संध्याकाळी बाईंनी निरोप धाडला म्हणून कानसेन आला आणि खुर्चीत बसलेल्या साहेबावर खुशाल बसायला गेला. साहेब फिस्कारून निसटला. कानसेनला ना दिसलं, ना ऐकू आलं. बाई त्याच्या नाकाकडे बघत राहिल्या. एरवी या घरात पाऊल टाकताच शिंकणारा माणूस, आज एकदाही शिंकला नाही.

"मांजर?" तो म्हणाला. "तुमच्याकडे मांजर कधी होतं, ताई?"

बाईंना रडू फुटलं. सगळं सांगावं तर माणूस वेड्यात काढणार, आणि न सांगावं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्यांनी एवढंच म्हटलं, "ती आमच्या घरातली शांतता कोशातून काढून टाका. हात जोडते."

"काढायची कशी? पहिले भाग शाळांत गेले की." त्याने त्यांना नीट न्याहाळलं. "ताई, चार दिवस सुट्टी घ्या. आवाजही बसलाय तुमचा."

तो गेल्यावर बाईंनी मागच्या खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकली आणि वाट बघितली. भिंगरी पुढच्या खोलीत पाठांतर करत होती. खूप वेळाने दारामागून आवाज आला.

"खुर्ची."

बाईंनी जागा रिकामी जाऊ दिली नाही. "बसायची वस्तू," त्या म्हणाल्या.

आत पुढे काही झालं नाही. बाईंनी भिंगरीला हाक मारून खुर्चीत बसायला सांगितलं. ती सरळ येऊन बसली. खुर्ची राहिली होती. पोर म्हणाली होती ते खरं होतं, आधी उत्तर दिलं की ते गप्प बसत होतं.

आणि त्याच क्षणी बाईंना कळलं की ते घरातल्या वस्तू एकेक करून घेत आहे. घड्याळानंतर बोका घेतला. बोक्यानंतर घरात उरलं होतं कोण?

५

मामाकडे जायचं ठरलं. बाईंनी भावाला फोनवर काहीबाही कारण सांगितलं, आणि भाऊ म्हणाला, "अगं ये की, घर तुझंच आहे." दुसऱ्या दिवशी भिंगरी क्लासहून आली की लगेच निघायचं. बॅगा भरून झाल्या. राहिली होती फक्त भिंगरीची ब्रेलची पुस्तकं, आणि ती मागच्या खोलीतल्या ट्रंकेत होती.

पुस्तकं राहू दे, असं बाई स्वतःला दोनदा म्हणाल्या. पण परीक्षा जवळ आली होती, आणि तसली पुस्तकं दुकानात मागून मिळत नाहीत. बाहेर लख्ख ऊन होतं. दार उघडं ठेवायचं, ट्रंक उघडायची, पुस्तकं उचलायची, संपलं. त्यांनी पदर खोचला आणि आत गेल्या.

गुडघ्यांवर बसून ट्रंक उघडली, पुस्तकं उचलली, तोच शब्द आला.

"भिंगरी."

तो अगदी छान म्हटलेला होता. बाईंना स्वतःला कधी जमला नसता इतका स्पष्ट.

"माझी मुलगी!" त्या किंचाळल्या.

क्षणभर काही नाही. खुर्चीच्या वेळी एवढ्यावर भागलं होतं.

"अर्थ दुसरा," आवाज म्हणाला.

कोशात एका अर्थावर न भागणारे शब्द असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी हातातली पुस्तकं टाकली आणि तोंडाला येईल ते बोलायला लागल्या. "एका जागी न बसणारी! आधी धावायला लागली आणि मग चालायला शिकली!"

"अर्थ तिसरा."

"नजर गेली तेव्हा रडली नाही ती. मी रडले. तिनेच मला पाणी आणून दिलं, अर्धं सांडत."

"अर्थ चौथा."

समोरच्या भिंतीवरची रजई हलली. वारा नव्हता. रजईचा एक लहानसा भाग आत ओढला गेला, तोंडाएवढा, आणि पुन्हा हळूच बाहेर आला. बाई उभ्या असत्या तर त्यांचं तोंड जिथे आलं असतं, बरोबर त्या उंचीवर. बाईंनी नजर वळवली. वळवली नसती तर दातखीळ बसली असती. त्या गुडघ्यांवर मागे मागे सरकत दाराकडे निघाल्या आणि बोलत राहिल्या. भांडखोर. दुधाची साय चोरणारी. माझी नक्कल करणारी. वडिलांचा आवाज कसा होता ते मला रोज विचारणारी, आणि मी रोज वेगळं सांगते हे माहीत असून ऐकून घेणारी. मध्ये मध्ये तो आवाज न चुकता आकडा वाढवत होता, घाई नाही, राग नाही.

खालून जिन्यात काठीची टकटक ऐकू आली. भिंगरी आली होती.

"वर येऊ नकोस!" बाई ओरडल्या. "खालीच थांब!" आणि तेवढ्यात पुढचा आकडा आला, तेव्हा त्याच दमात म्हणाल्या, "जिन्यात दोन-दोन पायऱ्या चढणारी! कितीही सांगा, ऐकत नाही!"

उंबरा ओलांडला. आतून आकडा आला नाही. त्यांनी वाट बघितली, तरीही आला नाही. मागच्या खोलीचं दार ओढून कडी घातली, हॉल पार केला, बाहेर पडून घराचं दारही ओढून घेतलं. कुलूप खट्ट लागलं, किल्ली आतच राहिली, राहू दे. जिन्याच्या कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. सांगून संपले होते सगळे अर्थ, पोर वाचली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी तोंड उघडून एक मोठा, पोटभर श्वास घ्यायला सुरुवात केली.

दारामागून, अगदी फळीला तोंड लावून, आवाज म्हणाला, "आई."

बाईंना ऐकू आलं. उत्तरही ठाऊक होतं. पण बोलायला श्वास सोडावा लागतो, आणि बाई तर श्वास घेत होत्या.

"जुना शब्द. आता वापरात नाही."

६

खालच्या वळणावर काठीची टकटक थांबली होती. जिना चढता चढता आपण कशासाठी थांबलो ते विसरावं, तशी भिंगरी उभी होती.

"भिंगरी, मी इथेच आहे," बाई म्हणाल्या. आवाज बसलेला नव्हता, चांगला खणखणीत निघाला.

भिंगरीने कान लावला. थोडी थांबली. मग दोन-दोन पायऱ्या चढत वर आली, बाईंच्या अंगाला घासून पुढे गेली आणि पर्समधून किल्ली काढली. कुलूप चाचपायची तिची पद्धत बदलली होती. वर्षानुवर्षं एकटं राहणारी माणसं उघडतात, तसं तिने ते उघडलं.

"जाऊ नकोस! भिंगरी!" बाईंनी तिचा दंड धरला. भिंगरीने दंडावरून नुसता हात फिरवला, केस चिकटला असावा तसा, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाई दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागल्या. समोरच्या बिऱ्हाडातला माणूस कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आला, शीळ घालत त्यांच्याजवळून खाली गेला.

आत भिंगरीने बॅगा चाचपलेल्या ऐकू आल्या. "या कुणी भरल्या?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिची पावलं मागच्या खोलीकडे गेली. कडी निघाली.

"भिंगरी," तो आवाज म्हणाला.

बाईंनी दाराला तोंड लावून अर्थ सांगितला, जिवाच्या आकांताने सांगितला. आत त्याची दखल कुणीच घेतली नाही.

"हं? मीच की," भिंगरी हसून म्हणाली. अभ्यासाची सवय होती, जागा रिकामी जाऊ द्यायची नाही.

"अर्थ दुसरा."

आत शांतता झाली. भिंगरी आठवून बघत होती. बाकीचे सगळे अर्थ बाईंजवळ होते.